खारकेच्या गळ्यातला हात

मी एक एक्स-रे बोलतोय. दचकू नका. तुमच्याही घरात, कपाटावर नाहीतर गादीखाली, माझा एखादा भाऊ पडलेला असेल. आम्हाला कुणी ठेवणीतलं म्हणत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही.

माझा जन्म पेणच्या एका दवाखान्यात, अंधाऱ्या खोलीत झाला. हमरापूरचा सुशील तेव्हा नववीत होता. पेरूच्या झाडावरून पडून त्याचा उजवा हात मनगटापाशी मोडला होता. "हलू नको," असं कुणीतरी त्याला दरडावलं आणि त्या हाताची सगळी हाडं माझ्यावर उमटली. मनगटाशी एक तिरकी बारीक रेघ होती. तीच माझी ओळख.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. घरी येणारा प्रत्येक जण मला पाकिटातून काढून खिडकीकडे धरायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "हां, हां." कुणाला काही कळत नसे. एका मामांनी तर मला उलटं धरून मान डोलावली होती. पुढे हात बरा झाला आणि मी कपाटावर गेलो. "टाकू नको गो," सुशीलची आजी त्याच्या आईला म्हणाली होती, "परत मोडला तर लागंल."

हात प्लास्टरमध्ये असताना सुशीलची परीक्षा बुडाली. नंतर तो शाळेत गेलाच नाही. आपल्याहून लहान मुलांबरोबर पुन्हा नववीत बसायची त्याला लाज वाटली. तो घरच्या पडवीत गणपतीच्या मूर्ती रंगवायला बसला. माझ्या पाकिटाची एक कड झुरळांनी खाल्ली होती, तिथून मला ती पडवी दिसे.

सुशीलचा हात फार सफाईचा. टेम्पोतून कच्च्या मूर्ती येत, तेव्हा एखादीच्या कानाला, एखादीच्या बोटांना तडा गेलेला असे. सुशील त्यात शाडू भरायचा, अंगठ्याने सारखी करायचा, वाळली की पॉलिश पेपर मारून वर रंग द्यायचा. टेम्पोवाला अमोल त्याचा मित्र. तो मूर्ती सगळीकडून न्याहाळायचा.

"कुठं होता रे तडा? सापडंना मला."

सुशील पुढची मूर्ती ओढून घ्यायचा. त्याचे कान मात्र लाल व्हायचे. एवढीच एक गोष्ट त्याला कुणापेक्षाही चांगली येत होती.

शेजारी फरझाना चाची राहतात. त्यांचे यजमान ताजुद्दीन आखातात असतात. ते सुट्टीवर येताना खारका आणतात, त्याच रंगाची म्हणून चाचींच्या मांजरीचं नाव खारीक. या वर्षी चाचींच्या लेकीचं, अफशाचं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी तिला प्रवास नको सांगितला, म्हणून चाचीच तिच्या सासरी, रोह्याजवळ वरशाला निघाल्या. जाताना त्यांनी खारीक सुशीलच्या मांडीवर ठेवली.

"तेवढी बघ रे बाला. दुसऱ्या कुणाकडं ती टिकायची नाय."

"व्हय चाची."

आठवडाभरात कौलांवर बोक्याशी तिची मारामारी झाली. सकाळी ती पडवीत आली तेव्हा डोक्यावर, कानाच्या जरा वर, दाताचं खोल भोक होतं. सुशीलने ते पुसलं. हळद घेतली, खोबरेल घेतलं आणि हाताच्या सवयीने चिमूटभर शाडूही घेतली. तिघांचा लगदा करून त्याने तो जखमेत भरला. अंगठ्याने सारखा केला. मी वरून बघत होतो. त्याच्या मनात माया होती, हे मी शपथेवर सांगेन. पण चेहऱ्यावर दुसरंही काहीतरी होतं. काम चांगलं जमल्यावर यायचं ते.

लगदा वाळून पक्का बसला. वर केस नव्हते, तेवढा डाग उघडा दिसत होता. अशात चाचींचा व्हिडीओ कॉल आला. "खारकेला दाखव रे, जीव लागलाय तिच्यात."

"थांबा, पकडून आणतो," असं म्हणून सुशीलने फोन पालथा ठेवला. पिवळ्यात थोडा गेरू मिसळला आणि ब्रशच्या टोकाने त्या डागावर केसांच्या बारीक रेघा ओढल्या. मग खारकेला फोनसमोर धरलं.

"अगो बाई," चाची हसल्या, "माझ्यापेक्षा तुझ्याकडं सुखात हाय की ती."

त्याचे कान लाल झाले. पण त्या वेळी ते लाजेने झाले नव्हते. लाज पुढे यायची होती.

मांजरीचं डोकं एका बाजूने सुजू लागलं. सुशीलला वाटलं, लगदा सुटत चाललाय. त्याने आणखी भरला. खारीक खायची थांबली. कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांमागे बसून राहिली. मग पडवीत वास येऊ लागला. आई म्हणाली, "उंदीर मेलाय कुठंतरी," आणि सगळे डबे हलवले. उंदीर नव्हताच. अमोलने खारकेला उचललं, नाक तिच्या डोक्याजवळ नेलं आणि तसंच मागे घेतलं.

"सुशल्या, चल. टेम्पोत बस."

पेणच्या गुरांच्या दवाखान्यात काय झालं, ते संध्याकाळी अमोलने आईला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे काय भरलंय? माती. आणि वर हा रंग कसला? सुशील खाली बघत उभा. शेवटी अमोलच म्हणाला, "मॅडम, मूर्तिकाम करतो तो. तडा दिसला की बुजवतो." सांगताना अमोल हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. बाईंनी ते झाकण काढलं, तेव्हा आतून इतका पू आला की आपापली कुत्री धरून बसलेली माणसंही उठून बाहेर गेली.

"वरून बंद केलंस, तर आतलं जाणार कुठं?" त्या एवढंच म्हणाल्या. ताप खूप होता. जगेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. जखम उघडी ठेवायची, सकाळ-संध्याकाळ सुईशिवायच्या सिरिंजने सलाईन मारून धुवायची. ती आतून भरत वर यायला हवी, वरून मिटू द्यायची नाही. आणि पंजाने खाजवू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखं काहीतरी हवं. "घरी जुना एक्स-रे आहे का कुणाचा?"

असा मी कपाटावरून खाली आलो.

सुशीलने मला कात्रीने गोल कापलं, मधे भोक पाडलं, कडेला मखराची उरलेली मऊ पट्टी शिवली आणि नाडीने मला खारकेच्या गळ्यात बांधलं. पुढच्या बाजूला बोटांची हाडं आली, मागे मनगट. उजेडात बसली की वाटायचं, कुणीतरी तिची मान हाताने धरली आहे.

तिथून मी ती जखम अगदी जवळून पाहिली. लाल, ओली, खोल. सुशील सलाईन मारायचा, कापसाने टिपायचा आणि मग त्याचा अंगठा आपोआप भोकाकडे वळायचा. तो अंगठा मागे घेताना त्याला किती जड जायचं, ते मला दिसायचं. आयुष्यभर जे भरायला शिकला, ते आता उघडं सोडायचं होतं. पडवीत येणारं प्रत्येक माणूस विचारायचं, "काय रे झालं हिला?" आणि प्रत्येकाला त्याला सांगावं लागायचं.

माझाही एक गुन्हा झाला. ती खायला वाकली की माझी कड ताटलीवर आपटायची. ती मान फिरवायची. सगळ्यांना वाटलं, आता अन्न सोडलं हिने. सुशीलचं जेवणही बंद झालं. शेवटी आईच म्हणाली, "अरे, तुझ्या त्या एक्स-रेनं अडतंय तिचं." तिने रंगाचा डबा उपडा घातला, त्यावर बशी ठेवली आणि बोंबलाचं पाणी ओतलं. खारकेने जीभ बाहेर काढली. सुशील भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चाचींचे फोन येत होते. तो उचलत नव्हता. एके दुपारी पुन्हा वाजला. त्याने फोनकडे बघितलं, खारकेकडे बघितलं आणि उचलला. अफशाला मुलगी झाली होती. चाचींना नातीला खारीक दाखवायची होती.

सुशीलने तिला धरलं आणि जखमेची बाजू पुढे केली.

पडद्यावर चाचींचा चेहरा अगदी जवळ आला.

"मागं दाखवलीस ती कोण होती मग?"

"हीच. रंगवून दाखवली."

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी चाची आल्या. पडवीत चप्पल न काढताच त्यांनी खारकेला उचललं. दारात ऊन होतं. त्या उन्हात माझ्यातली हाडं स्पष्ट दिसली आणि त्या थबकल्या.

"हा कुणाचा हात?"

"माझा."

त्या तशाच निघाल्या. सुशील मागोमाग सिरिंज, सलाईनची बाटली आणि कापूस घेऊन गेला. ते सगळं त्याने त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं. चाचींनी जखमेत एकदा डोकावून पाहिलं आणि डोळे मिटले.

"हे मला व्हायचं नाय. सकाळ-संध्याकाळ तूच ये. माफ केलंय असं समजू नको."

तो जात राहिला. कुणी चहा विचारायचं नाही. तो जखम धुवायचा आणि मान खाली घालून परत यायचा. जखम मात्र तळापासून वर येत गेली.

आता ती भरली आहे. तिथे अजून केस आलेले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला चाची ती जागा बोट लावून दाखवतात, "हे आमच्या सुशीलचं काम." टोमणा आहे की कौतुक, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परवा अमोल म्हणाला, "मार की रंगाचा एक हात." सुशील हसला नाही. पण चाची तोंडाला पदर लावून आत गेल्या, आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या चहाचे कप घेऊन.

मी चाचींच्या खिडकीत खिळ्याला लटकतो. कडा चावलेल्या, मधे भोक, कुण्या डॉक्टरच्या उपयोगाचा उरलो नाही. खिडकीतून ऊन आलं की सुशीलचा हात चाचींच्या भिंतीवर पडतो. मनगटावरची ती रेघही दिसते. माझी एकच विनंती आहे: मला परत पाकिटात घालू नका.