शंखाचा दात

नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी माईंनी देव्हारा रिकामा केला. समई, ताम्हण, घंटा सगळं परातीत, वर कोळलेली चिंच. मुलाच्या टेबलावर मिठाईच्या खोक्यात, कापसावर एक मळकट शंख निजला होता. सणाला शंख असा कळकट कसा ठेवायचा? तोही परातीत गेला. काथ्या फिरत होता नि ओवी चालली होती:

"चिंच कोळली गं बाई, तांब्या झाला सोन्यावाणी
शंख न्हाला आंबटात, त्याचं समुद्राचं पाणी"

दुपारी मुलगा, गुरुदत्त, जेवायला आला. अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यात रसायनं तपासायची ही त्याची नोकरी. जीव मात्र कच्छच्या टेकडीवर सापडलेल्या त्या शंखात. कधीकाळी तिथं समुद्र होता. समुद्र निघून गेला, गोगलगाईचं घर दगड होऊन मागे राहिलं. त्या शंखाच्या तोंडात तांदळाएवढा एक दात होता. तसा दात आजवर कुणी नोंदवला नव्हता. त्या एका दातावर गुरुदत्तनं चार वर्षं खपून नवी जात मांडली होती. बायकोनं, वृंदानं, भिंग लावून चित्रं काढली होती. त्यावरचा लेख कलकत्त्याच्या शास्त्रीय पत्रिकेनं स्वीकारला होता. आठवड्यात छापायला जाणार होता.

पाटावर वाळत ठेवलेला शंख त्यानं उचलला आणि शंखाच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं.

"दात कुठाय?"

"कसला दात रे?" माई भांबावल्या. "घटकाभर चिंचेत ठेवला, घासला. बघ कसा लखलखतोय!"

"माई, ते देवाचं नव्हतं हो," वृंदा पुटपुटली.

माईंच्या हातातला काथ्या गळून पडला. "म्हणजे मी तुझं वाटोळं केलं?"

गुरुदत्त शंख उजेडाकडे धरून बघत होता. केसासारखे बारीक कंगोरे, सगळे जागच्या जागी. आंबटानं शंख खाल्ला असता, तर आधी हे कंगोरे गेले असते. मग एकटा दातच कसा गेला?

कपाटात त्याच टेकडीवरचा दुसरा, लहान शंख होता. तसाच दात. तो आणि एक सुई घेऊन गुरुदत्त खिडकीशी बसला.

"अहो, नका ना," वृंदा म्हणाली. "तो एक तरी राहू द्या. धुताना पहिला बिघडला असं लिहिता येईल. खोटं कुठं आहे त्यात?"

सुईचं टोक दाताखाली गेलं. जरासं टोकरलं. दात टुपकन तळहातावर पडला. पिवळट मातीचा खडा, बोटांत चुरडला. खाली शंखाची गुळगुळीत, कोरी भिंत. बाकी सगळं जुन्या, केव्हाच नाव मिळालेल्या शंखासारखं.

"गेला ना रे माझ्यामुळे?" माई रडत होत्या.

"नाही गं माई. तो नव्हताच." त्यानं तळहातावरचा चुरा झटकला.

जेवण तसंच टाकून तो कलकत्त्याला तार करायला तारघरात गेला. लेख छापू नका, दात हा चिकटलेली माती निघाली, माझी चूक, असा मजकूर त्यानं लिहून दिला.

खिडकीमागच्या तारबाबू भगवंतरावांनी तो दोनदा वाचला. "काय हे साहेब! तार म्हटली की माणसाच्या छातीत धस्स होतं, आणि तुम्ही दातातली माती कळवताय?"

"माझ्याही छातीत धस्सच झालंय, भगवंतराव," गुरुदत्त म्हणाला. "पाठवा."