महिन्यागणिक तरुण होणारं मैदान

दूरच्या एका ग्रहावरच्या मैदानाचं वय काढायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. यानाने पाठवलेल्या फोटोंत उल्कांनी पाडलेले खड्डे मोजायचे. जितके खड्डे जास्त, तितकी जमीन म्हातारी. नजर अशी, की प्रयोगशाळेत त्याला सगळे 'घार' म्हणत.

एक दिवस विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, तुमचं मैदान महिन्यागणिक तरुण होतंय. काय खुराक देताय त्याला?"

सगळे हसले. तोही हसला. खड्डे तिथेच होते. बारीक खड्डे त्यालाच दिसेनासे झाले होते. दोन्ही डोळ्यांच्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग बसला होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी तो बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती शिवणकाम करायची, कोटांची काजं हाताने घालायची. हातातली सुई तिने कोटात खोचून ठेवली. मग म्हणाली, "परवा चहात मीठ घातलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"तू मोजशील? मी शिकवतो."

आठ दिवसांत ती तयार झाली. "ही खड्ड्यांची माळ मोजणीत धरू?"

"सोड. एका मोठ्या दणक्यातून उडालेले दगड पडलेत ते. धरलेस तर वय उगाच वाढेल."

महिनाभर तिचे आकडे त्याच्या नावावर गेले. मग मॅडमनी त्याला बोलावलं. "आकडे एकदम इतके कसे चढले? माझ्यासमोर एक फोटो मोजा."

"उद्या मोजला तर?"

"आत्ता."

तो पडद्याला नाक लावून बसला. घाम डोळ्यांत उतरत होता. अंदाजाने खुणा करत त्याने एकोणतीस खड्डे दाखवले. मॅडमनी आधीच मोजले होते: चौऱ्याहत्तर. त्याच्या नऊ खुणांखाली तर काहीच नव्हतं.

"गेल्या महिन्याचे कोणी मोजले?"

"बायकोने. एकही चुकलेला नाही. पाया पडतो मॅडम, तपासून बघा."

"बरोबर असतीलही हो. पण तुम्हाला दिसायचं कधी बंद झालं, हे मी कसं ठरवू?" त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तो घेताना त्याच्या हाताने कलंडला.

सोमवारी पत्र आलं. बायकोने वाचून दाखवलं. वाचताना मध्येच ती अडखळली.

"काय गाळलंस?"

"काही नाही."

"वाच म्हणतो ना!"

"'अकरा वर्षांची सर्व मोजणी रद्द समजावी.'"

"सगळी? अगं, पहिली नऊ वर्षं डोळे धड होते माझे!" त्याने चाचपडत लॅपटॉप ओढला. "पहिल्या वर्षीचा कुठलाही फोटो काढ. मोज."

समोरचं जेवण निवून गेलं. दोन तासांनी ती म्हणाली, "दोनशे बारा."

"मी किती लिहिले होते?"

"दोनशे नऊ."

त्याने तोंडावर हात धरला. खांदे गदगदू लागले. मग म्हणाला, "लिही त्यांना."

तिने लिहिलं. उत्तर आलं नाही. आणखी चार जुने फोटो मोजून तिने पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पत्राच्या वेळी तो मजकूर सांगता सांगता थांबला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"राहू दे आता," म्हणाला.

पुढचं वाक्य तिने स्वतःच लिहायला घेतलं.