वीस वेळा वर-खाली

१९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा एका प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि माझी धाकटी नणंद तिथेच पीएचडी करत होती. घरी ती मला वहिनी म्हणायची, प्रयोगशाळेत मात्र 'बाई'. मी तिला दोन्हीकडे चिमणीच म्हणत असे.

तिचा विषय स्नायूंमधल्या प्रथिनाचे तंतू. ते दोऱ्यासारखे लुळे नसतात, काडीसारखे ताठही नसतात. जरासे वाकतात आणि मग अडून बसतात. त्यांचं जाळं हलकेच ओढलं तर मऊ लागतं, आणखी ओढलं की कडक होतं. हे तिला जेली दोन तबकड्यांमध्ये धरून पिळणाऱ्या यंत्रावर दाखवायचं होतं. पण त्या जाळ्याची तिची जेली घट्टच होईना. तिच्या मार्गदर्शक सरांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. नाही जमलं तर विषय बदलायचा, म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

"तुझी जेली अगदी तुझ्या दादासारखी," घरी जेवताना मी म्हटलं. "जरा ओढलं की पाघळते."

"सांगू का त्याला, वहिनी?"

"सांग की. त्याला ठाऊक आहे."

गुरुवारी मी तिच्या सूक्ष्मदर्शकात डोकावले. लांब तंतू हवेत तिथे नुसता चुरा, न्हाव्याच्या दुकानातल्या जमिनीसारखा.

"चिमणे, तू करतेस तरी काय यांना?"

"तुमचाच नियम, बाई. ओतण्याआधी बारीक नळीतून वीस वेळा वर-खाली."

माझं तोंड एवढंसं झालं. तो नियम मीच भिंतीवर लिहिला होता, पण साध्या द्रावणांसाठी. तयार झालेले तंतू त्या नळीतून वीसदा ओढले तर तुकडेच पडणार.

"आणि एकदाही विचारलं नाहीस?"

"लाल अक्षरांत होतं. कुणाची छाती होणार?"

शुक्रवारी तंतू जुळायच्या आधीच आम्ही द्रावण यंत्राच्या तबकडीवर ओतलं आणि तासभर बोटही लावलं नाही. मी तर हात पाठीमागे धरून बसले. सर आले. वरची तबकडी जराशी फिरली. कागदावरची कडकपणाची रेघ सपाट चालली. आणखी फिरली, तशी रेघ वर चढू लागली.

"पुन्हा करा," सर म्हणाले. पुन्हा चढली. त्यांनी चष्मा पुसला. "विषय राहू द्या."

चिमणीला दोन वर्षांनी पदवी मिळाली. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्याच दिवशी माझी चूक रंगवून सांगते. सर निवृत्तीनंतर, सत्तराव्या वर्षी, पोहायला शिकले. तिचा दादा जाऊन सहा वर्षं झाली. मला हल्ली दिसतं कमी. चिमणी रविवारी येते आणि तंतूंची चित्रं मोठी करून दाखवते. तंतू फार लांब असतात.