ताईचे सत्त्याण्णव टक्के

लॉन्ड्रीच्या जेवणाच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर एक डबा, त्यातून निघालेल्या दोन पितळी दांड्या आणि वर लाल आकडे. मागे मोजणीसाहेब. हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांचं तोंड यंत्रापेक्षा जोरात चालायचं.

"रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय हो? आजाऱ्यांची सरासरी! माझं यंत्र सांगतं, शरीर पूर्ण क्षमतेच्या किती टक्के चालतंय. धरा दांड्या!"

आम्हा इस्त्रीवाल्यांची फजितीच झाली. कुणाचे चाळीस, माझे अडतीस. साहेबांनी हळहळत शक्तीच्या पुड्या आमच्या गळ्यात मारल्या. धुलाईखात्यातल्या बायका मात्र हातातलं काम टाकून आल्या नि नव्वदीच्या पुढे गेल्या. त्यांच्यातल्या माझ्या ताईचे तर सत्त्याण्णव.

ताई लहानपणापासून इन्सुलिनवर जगत होती.

"एवढ्या सुदृढ शरीराला सुई कशाला?" साहेब म्हणाले. "कुबडी टाका, पाय आपोआप चालतील."

घरी मी तिला जीव तोडून सांगितलं. ती हसली. "तुझे अडतीस आले म्हणून जळतोस होय रे? जन्मभर टोचून घेतलंय. आता मला बरं होऊ दे की."

तिने सुई बंद केली. आठवडा संपायच्या आत उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही. ताई गेली.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई नंतर स्वतः लॉन्ड्रीत आल्या. साहेब निर्लज्जपणे पुन्हा दुकान मांडून बसलेच होते. बाईंनी एक ओला टॉवेल उचलून दोन्ही दांड्यांवर टाकला. आकडा चढला, नव्याण्णव.

"टॉवेल ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

मग त्यांनी मला हात भिजवायला लावले. अडतीसचे पंच्याण्णव झाले.

"ओल्या हातांतून वीज सहज जाते, कोरड्या हातांतून कमी. हे यंत्र फक्त ओल मोजतं. तुमच्या रक्तातली साखर याला कळतच नाही."

धुलाईवाल्या बायका आपल्या भिजून सुरकुतलेल्या बोटांकडे बघत रडू लागल्या. साहेब डबा काखोटीला मारून निघाले होते. मुकादमाने त्यांना दारातच धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

मला साहेबांची चीड आहेच. पण आमच्यापैकी एकानेही यंत्राला साधा प्रश्न विचारला नाही, याचं दुःख जास्त आहे. उद्या कुणी तुमच्या शरीराचे टक्के सांगू लागला, तर विचारा, कशाचे टक्के? कसे मोजले? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध थांबवू नका. माझी ताई शंभर टक्के नसती तरी चाललं असतं. ती आम्हाला हवी होती.