भेगेवर रंग

पेणमध्ये संगणकाचा धंदा काढला तो हमरापूरच्या महिपतीशेटनी. ते गणपतीचे कारखानदार. मूर्ती विकणाऱ्याला प्रोग्रॅम विकायला काय अवघड? आत काय भरलंय ते गिऱ्हाईक दोन्हीकडे बघत नाही. प्रोग्रॅम लिहायला मी होते, नाओमी वाकरूळकर. साल पंच्याण्णव. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; भाऊ एलियाह इस्रायलला गेला होता आणि बाबांनी मलाही तिकडेच धाडायचं ठरवलं होतं. रोह्याच्या रसायन कंपनीनं आमचा हजेरीचा प्रोग्रॅम घेतला आणि तो सांभाळायला मला ठेवलं, तरच मी इथे राहणार होते. मला राहायचं होतं.

नेमकी तेव्हाच शेटना साफसफाईची हुक्की आली. संगणकातल्या जुन्या तारखांच्या फायली त्यांनी अडगळ म्हणून पुसून टाकल्या. त्यात मेमरी सांभाळणारी फाईलही गेली. मग मशीन सुरू केलं की पडद्यावर इशारा यायला लागला: कॉन्फिग फाईलच्या चौथ्या ओळीतली फाईल सापडत नाही.

"शेट, ती फाईल परत आणायला हवी," शुक्रवारी मी म्हटलं. "नाहीतर जास्त नावं भरली की मशीन अडकेल."

"तू जा गो घरी. उद्या तुमचा शनवार हाय, तुम्हांला काम चालत नाय. मी बघतो."

सोमवारी येते तो मशीन पेंढ्यात बांधून टेंपोत चढलेलं.

"इशारा गेला," शेट खुशीत म्हणाले.

"फाईल आणलीत?"

"फाईल कशाला? मशीन सुरू झालं की पडदा पुसायची ओळ टाकली. भेग दिसली की लुगदी भरायची, वरून रंग द्यायचा. मूर्ती विसर्जनापर्यंत टिकली म्हंजे झालं."

संगणकशास्त्रात एवढी मोलाची भर घालणाऱ्या माणसापुढे मी काय बोलणार? मशीन धरून मी टेंपोत बसले आणि आम्ही रोह्याला निघालो.

कंपनीतल्या हजेरी विभागाच्या पुंडलिकसाहेबांनी स्वच्छ पडदा पाहून मान डोलावली.

"आम्ही लिहिलाय," शेट म्हणाले.

साहेबांनी फ्लॉपीवरून सगळ्या कामगारांची नावं चढवली. मशीन ठप्प झालं.

"हिनं लिहिलाय," शेट म्हणाले.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी शेटची ओळ खोडली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. इशारा सगळ्यांसमोर उभा राहिला. साहेबांच्या टेबलावरच्या मशीनवरून मेमरीची ती फाईल उतरवून घेतली आणि जागच्या जागी ठेवली. इशारा गेला. सगळी नावं चढली, प्रोग्रॅम सुरळीत चालला.

"छान," साहेब म्हणाले. "एक तारखेपासून या कामावर. फक्त ती ओळ परत टाका."

"कुठली?"

"पडदा पुसायची. उद्या असलं काही आलंच, तर मोठ्या साहेबांना दिसायला नको."

मी नाही म्हटलं असतं, तर बाबा तिकीट काढायला मोकळेच होते. मी ओळ टाकली.

शेट मागून वाकून बघत होते.

"हात बसला गो तुझा," ते म्हणाले.