धाकूची आरती आणि कुणाचं तरी बोट

आमच्या धाकूचा आवाज तुम्ही ऐकला असेल. हरमलात राहत नसाल तरी ऐकला असेल, त्या दिवशी वारा तुमच्या बाजूचा होता का तेवढंच बघायचं. मुरगाव बंदरात तो कामाला होता तेव्हा एक जहाज काही केल्या धक्क्याला लागेना. कप्तान भोंगा वाजवून थकला. धाकूने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाला, "हंय ये रे." जहाज मुकाट्याने आलं. त्याच्यामागून आणखी दोन आली, ती तर कारवारला जायची होती.

धाकू माझा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो चड्डीत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला वयनी म्हणतो. लग्न त्याने केलं नाही. बायकोशी भांडण्यात आवाज खर्च झाला तर गणेश चवथीच्या आरतीला काय उरणार, असं त्याचं म्हणणं. कारण चवथीला आमच्या घरची आरती तोच उचलतो. पहिली ओळ त्याची एकट्याची, मग मातीच्या मडक्याचं वाद्य, घुमट, वाजायला लागतं, मग आम्ही सगळे.

पण बंदरावरची खनिजाची लाल धूळ आणि खिशातल्या बिड्या, दोघींनी मिळून त्याची छाती खाल्ली. गेल्या चवथीला तो हॉस्पिटलात होता. माझ्या मुलाने, गौरेशने, आरती मोबाइलवर लावली. गणपतीने सोंड फिरवली. डाव्या सोंडेची मूर्ती आणली होती, विसर्जनाला उजव्या सोंडेची नेली. विश्वास नसेल तर समुद्राला विचारा.

यंदा धाकू घरी होता. नाकात नळी आणि कोपऱ्यात घुरघुरणारं ऑक्सिजनचं मशीन. श्रावण लागल्यापासून त्याचं एकच चाललं होतं.

"औंदा आरती मी म्हणतलंय मां, वयनी?"

उत्तर माझ्या हातात नव्हतं, क्षमाच्या हातात होतं. क्षमा डिचोलीची पोर, हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट. म्हणजे लोकांचा श्वास सांभाळायची नोकरी. दिसायला शेवग्याची शेंग, पण प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे नियम. नळी बदलायची तर नियम, मशीनजवळ दिवा आणायचा नाही हा नियम. एकदा मी म्हटलं, "बाय, एवढे नियम गणपतीला पण नाहीत."

"गणपतीला ऑक्सिजन लागत नाही, आजी," ती म्हणाली.

तिने सांगून ठेवलं होतं. चवथीच्या आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल करते, काकांच्या बोटाला चिमटा लावून आकडा दाखवा, मग आरतीचं बोलू. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा तो छोटा चिमटा आम्हाला तिनेच आणायला लावला होता.

सकाळी आम्ही आधीच लावून बघितला. धाकूचे आले नव्वद. माझे अठ्ठ्याण्णव. शेजारच्या स्नेहाला शाळेत अठ्ठ्याण्णव पडले तेव्हा तिची आई रडत होती, दोन कुठे सांडले म्हणून. तिथे नव्वदाला कोण विचारतो?

"धाकू," मी म्हटलं, "तू शाल पांघरून कदेलीवर बस. मी मागे बसते. तोंड तुझं, बोट माझं."

"ता चेडू पकडतला, वयनी."

"ती तिकडे, आपण इकडे. फोनातून हात बाहेर येतो का?"

माझी सून संजना म्हणाली, "आई, मला यात घेऊ नका." आणि फोन धरायला उभी राहिली. गुणाची आहे.

कॉल आला तेव्हा मी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणासाठी फ्रीजरमधलं खोबरं फोडत होते. खवून ठेवलेलं, दगड झालेलं. हात पदराला पुसला, धावत जाऊन खुर्चीमागे बसले आणि शालीखालून हात पुढे काढला. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या, त्याची काळजी मी घेतली होती.

"धाकूकाका, चिमट्याकडे कॅमेरा करा," क्षमा म्हणाली.

मला मागून काही दिसत नव्हतं. पण संजनाचा चेहरा दिसत होता, आणि तो काही पेढे वाटण्यासारखा नव्हता.

"चौऱ्याऐंशी," क्षमा म्हणाली. "काढून परत लावा."

परत लावला. आता एक्क्याऐंशी.

"काका, ओठ दाखवा. दम लागतोय? बोला माझ्याशी."

"कितें बोलू? बरो आसंय मी. तू जेवलंस?"

"तुमचा चेहरा एक सांगतोय आणि आकडा दुसरंच," क्षमाचा आवाज बदलला. "पण असा आकडा बघून मी फोनवर गप्पा मारू शकत नाही. संजनाताई, अँब्युलन्स बोलवा. काकांना इकडे आणा."

धाकूने मान वळवून माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षीची अख्खी चवथ त्याच्या डोळ्यांत होती, हॉस्पिटलच्या चादरीसकट.

मी शालीतून हात वर काढला. चिमटा बोटालाच होता आणि बांगड्या खणखणत मनगटावर आल्या.

"बाय, हे बोट माझं."

क्षमा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "आजी, आत्ता हातात काय होतं?"

"खोबरं. फ्रीजरातलं."

"थंड बोटावर चिमटा खोटं बोलतो."

"मग आमचं दोघांचं जमेल," मी म्हटलं. हसला फक्त धाकू, आणि त्यालाही खोकला आला.

तिने अँब्युलन्स थांबवली, चिमटा धाकूला लावायला लावला, नव्वद बघितले आणि म्हणाली, "मी येते. तुमचा वाईट आकडा मी नुसता खोबऱ्यावर ढकलून सोडू शकत नाही. आणि काकांना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आता काही सांगणार नाही. नियम आहे."

दुपारी स्कूटरवरून आली, भिजलेली. संजनाने चहा-पाव पुढे ठेवला, तिने आधी हात धुतले. मग माझी पाळी. हात चोळून गरम केले, चिमटा लावला आणि दुसऱ्या हाताने माझी नाडी धरून बसली.

"आकडा दिसतोय की," मी म्हटलं.

"मशीनवरचे ठोके आणि मनगटातले ठोके जुळले तरच आकडा खरा धरायचा." जुळले. अठ्ठ्याण्णव. माझा विषय संपला. मग धाकू. पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पाय सुजलेत का बघितलं, चिमटा लावला.

"नव्वद. छान."

"छान?" मी म्हटलं. "नव्वद?"

"आजी, ही परीक्षा नाही. काकांची छाती कितीतरी वर्षं कमी हवेवर चालायला शिकलीय. तिला एवढंच मानवतं. तुमच्या गरम बोटाने आज अठ्ठ्याण्णव दाखवले असते, तर मी काकांना ऑक्सिजन जास्त होतोय समजून मशीन कमी करायला सांगितलं असतं. आणि ते उद्या कमी हवेवर आरतीला बसले असते."

मी माझ्या बोटाकडे बघत राहिले. मी गप्प बसले हे बघून गौरेश खोलीबाहेर जाऊन संजनाला बोलावून आला.

मग क्षमाने धाकूला म्हणायला लावलं. धाकूने तिच्यावर छाप पाडायला अख्खं कडवं एका दमात घेतलं आणि आकडा खाली घसरायला लागला. तिने हात वर करून थांबवलं.

"काका, फक्त पहिली ओळ. घुमट सुरू झालं की तुम्ही ओठांचा चंबू करायचा आणि गरम पेजेवर फुंकर मारतो तसा हळू श्वास सोडायचा. दुसरी ओळ घ्यायची नाही."

"आणि फुडल्या वर्सा?"

"पुढच्या वर्षीचं मी आज सांगितलं तर ते खोटं होईल. यंदाचं खरं सांगते. पहिली ओळ तुमची."

धाकूने मान हलवली. डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाला. चूल पेटलेली नव्हती.

राहिला दिव्यांचा प्रश्न. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही, आणि ज्योतीशिवाय आरती कसली? क्षमा घरभर फिरली. शेवटी बाहेरच्या सोप्यावर जनेलापाशी, म्हणजे खिडकीबाहेर, धाकूची जागा ठरली. मशीन त्याच्याजवळ बाहेर, दिवे सगळे आत. ज्योत उंबऱ्याबाहेर यायची नाही.

"आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा," ती म्हणाली. धाकूने नीट सांगितलं. मग माझी पाळी.

"धाकू सोप्यावर बसणार," मी म्हटलं, "एक ओळ म्हणणार, ती ऐकून समुद्रातले इसवण उड्या मारत..."

"मासे नकोत, आजी. परत सांगा."

पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून मासे काढून घेतले.

चवथीच्या संध्याकाळी ती डिचोलीला तिच्या घरी होती. म्हणजे बघायला कोणी नव्हतं. घर माणसांनी भरलं, गणपतीवर टांगलेली फळांची माटोळी, आत समया. धाकू सोप्यावर, तोंड जनेलात. सगळे गप्प झाले आणि त्याने पहिली ओळ घेतली.

माटोळीतली तोरिंजनं हलली. आमच्या भाड्याच्या खोलीतला रशियन घाबरून माडावर चढला. अजून उतरलेला नाही, वरच योगाचा क्लास चालवतो. मग घुमटावर थाप पडली. मी जनेलाकडे बघितलं तर धाकूचं तोंड दुसऱ्या ओळीसाठी उघडलेलं. मी डोळे वटारले. त्याने ओठांचा चंबू केला आणि पेजेवर फुंकर घातली.

आरती झाली. संजना ताट घेऊन सगळ्यांपुढून फिरली. लोक ज्योतीवर हात धरून तोंडावरून फिरवत होते. फिरता फिरता सवयीने तिचा पाय उंबऱ्याकडे वळला. एरवी धाकूला आरती दिल्याशिवाय ताट खाली ठेवत नाहीत.

"थांब," मी म्हटलं.

ती थांबली. ज्योत आत, धाकू बाहेर, मधे उंबरा. त्याने उगाच शाल सारखी केली आणि रस्त्याकडे बघायला लागला. मी दोन्ही तळवे ज्योतीवर धरले, चांगले भाजेपर्यंत, मग मिटले आणि पाखरू धरल्यासारखे तसेच बाहेर नेले. त्याच्या डोक्यावरून, गालांवरून फिरवले.

"वयनी," तो म्हणाला, "तुजे हात थंडच गो."

"मग परत आणते," मी म्हटलं, आणि आत गेले.

मी दुसऱ्यांदा बाहेर येते तर फोन वाजत होता. क्षमा. तिच्यामागे पण घुमटं वाजत होती.

"काका कसे आहेत?"

चिमटा बघून मी सांगितलं, "नव्वद."

"बोट कुणाचं?"

धाकूने चिमट्यासकट हात वर केला आणि बिडीने पिवळं पडलेलं बोट कॅमेऱ्यापुढे नाचवलं.