गुणाची पोर

रेच्याचा लाकडी दांडा गोदाबाईच्या हातून निसटला आणि शेजारच्या तांब्याच्या घंगाळावर असा काही आदळला, की ओसरीवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. शेजारच्या नसीमबानोची नात शकीला, सव्वादोन वर्षांची, किंचाळत आजीच्या मांडीत शिरली. धाकटी जाऊ सत्यवतीनं छातीवर हात ठेवला. हलली नाही ती फक्त मैना. गोदाबाईची ही लेक शकीलापेक्षा चार दिवसांनी मोठी. रुईच्या ढिगाला टेकवून जशी बसवली होती, तशीच बसून राहिली. पापणीसुद्धा लवली नाही.

"पाहा बाप्पा, किती गुणाची पोर!" सासू गंगूबाई कौतुकानं म्हणाली. "तोफ उडाली तरी रडणार नाई."

गोदाबाई हसली. अकोटच्या त्या गल्लीत मैनेचं नावच 'गुणाची' पडलं होतं, आणि ते ऐकलं की तिची मान जरा ताठ होई. का होऊ नये? दिवसच तसे होते. तिकडं समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. घराघरात रेचे बसले. रेच्यावर कापसातली सरकी काढायची, रुईचे बोजे बांधायचे, गाडी अमरावतीला जायची, आणि ती परत यायच्या आत दुसरी भरून पाहिजे. बायांना पाठ टेकायची सवड नाही. अशा घाईत रडकं पोर म्हणजे डोक्याला ताप! कापसाच्या त्याच पैशातून मैनेच्या बापानं, किसनरावानं, तिला घुंगरांचे चांदीचे वाळे घेतले होते. दोन महिने झाले, वाळे पायात होते.

नसीमबानो मात्र हसली नाही. ती उठली, मैनेच्या कानाशी गेली आणि जोरानं टाळी वाजवली. मैनेनं हळूहळू मान वळवली, टाळी संपून गेल्यावर. नसीमबानोनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या.

"गोदा, ही बोलते काय व?"

"अजून नाई."

"चालते?"

"बसते ना चांगली."

"अफू किती देता हिले?"

"राईच्या दाण्याएवढी. सकाळी एक डाव, दुधात. सारेच देतात, त्यात काय?"

"एका दाण्यानं असे डोळे होत नाईत बाई."

गंगूबाई उसळली. "काहून, तुमच्यात देत नाईत काय? मोठी आली शहाणपण सांगाले!"

"देतो ना. शकीलाले दात येत होते तवा म्याबी देली. पण डोळे असे नोते झाले, खुदाकसम."

गोदाबाईनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. आपल्याच पोरीचे डोळे, आणि आपण कधी पाहिलेच नव्हते!

"दुपारी मी देतो," गंगूबाईचा आवाज एकदम खाली आला. "येवढूशी. पोट्टी भोकाड पसरते, मंग तुले रेच्यावरून उठा लागते. म्हणून."

तेवढ्यात सत्यवतीनं तोंडाला पदर लावला.

"बाई, मारा मले. सांजच्याले मी देतो. चूल पेटवाच्या आंदी."

तीन डब्या बाहेर आल्या. गोदाबाईची कमरेच्या कनवटीतून, गंगूबाईची बटव्यातून, सत्यवतीची जात्यामागच्या कोनाड्यातून. एकाच घरात, एका पोरीसाठी, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही! गोदाबाईनं सांगितलं नव्हतं, कारण सासू म्हणाली असती, कामाच्या नावानं पोर झोपवते. सासूनं सांगितलं नव्हतं, कारण सून म्हणाली असती, म्हातारीला नात सांभाळवत नाही. आणि सत्यवतीला स्वतःचं मूल नव्हतं. दुसरीच्या पोरीला काही चाटवलं म्हटलं असतं, तर गावानं तिला जगू दिलं नसतं.

"आज आता देऊ नका," नसीमबानो शकीलाला कडेवर घेत म्हणाली. "रडन, तळमळन, रातभर जवळ बसा लागन. सकाळी हकीमसाहेबाकडं नेऊ. बंद कसं कराचं ते सांगतीन."

"चालन ना व ती? बोलन?" गोदाबाईनं तिचा हात धरला.

"मले काय माहीत माय," नसीमबानो म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

त्या दिवशी रेचा पुन्हा फिरला नाही. दुपार कशीबशी गेली. ऊन उतरलं तशी मैना कण्हायला लागली, आणि दिवेलागणीला किसनरावाची गाडी शेतावरून दारात आली तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं.

"काहून रडून राहिली ही? अन् रुई सकाळएवढीच काहून?"

गोदाबाईनं तिन्ही डब्या त्याच्यापुढं ओळीनं मांडल्या. "ही माही. ही आत्याबाईची. अन् ही सत्यवतीची. रोजची." आता हा ओरडणार, हात उगारणार, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. उगारू दे, तिला वाटलं, बरंच होईल.

किसनराव ओरडला नाही. मटकन खाली बसला. डोक्यावरचं पागोटं उतरवलं, त्याच्या घडीत बोटं घातली आणि पितळेची एक बारकी डबी काढून त्या तिन्ही डब्यांच्या शेजारी ठेवली.

"रातच्याले उठत होती," तो म्हणाला. "तू दिवसभर रेचा फिरवून मेल्यावाणी झोपेल राहे. म्हटलं, कायले उठवाचं तुले."

गोदाबाई चार डब्यांकडं बघत राहिली. मधे सतरंजीवर मैना पाय झाडत होती, आणि कसलातरी आवाज येत होता. काय वाजतंय ते कुणालाच आधी कळलं नाही. मग सत्यवतीनं मैनेच्या पायांकडं बोट केलं. वाळ्यांचे घुंगरू पहिल्यांदाच वाजत होते.

पोरीला उचलायला मात्र कुणाचाच हात पुढं होईना. शेवटी गोदाबाई उठली. चेमटलेल्या घंगाळापाशी गेली, चुलीतली राख घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत घासले, धुतले, पुन्हा घासले, आणि मग येऊन तिनं मैनेला छातीशी धरलं. रडणाऱ्या पोरीला थोपटत तिनं मागं पाहिलं, तर घंगाळापाशी ती तिघं राख घेऊन रांगेनं उभी होती.